सल्ला : समुद्राकाठच्या घरात चोवीस इंची गिटार

वेंगुर्ल्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडे आटोपशीर करून देतो.

"सप्रेम नमस्कार. माझे वय ४३. नोकरी सांभाळून गेली सहा वर्षे ॲकूस्टिक गिटार वाजवते आहे. त्यातले दीड वर्ष शिकवणी, बाकी माझे मीच. माझे हात लहान आहेत. शाळेत असताना डाव्या करंगळीचे हाड मोडले होते, त्यामुळे ती पूर्ण ताणली जात नाही. पहिल्या फ्रेटवरचा (मानेवरच्या पहिल्या आडव्या धातूच्या कडेवरचा) एफ कॉर्ड अजून स्वच्छ येत नाही आणि अर्ध्या तासात मनगट भरून येते. गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका दुकानात साठच्या दशकातल्या धर्तीची नवी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली. फिकट निळी, दोन पिकअप (तारांचा कंप विजेत पकडणारे भाग), वर सरकत्या कळा आणि तारांना हेलकावा देणारा दांडा. दुकानदार म्हणाले, हिची मान आखूड, २४ इंची आहे. पाच मिनिटे वाजवली आणि खाली ठेववेना. यजमान म्हणतात, हे खेळणे आहे. मुंबईचा भाचा म्हणतो, 'मावशी, ती शिकाऊ पोरांची गिटार, वर्षात कंटाळशील, फुल साइजच घे.' अँपसकट ४० हजारांपर्यंत खर्च करू शकते. घर समुद्रापासून दोनशे पावलांवर आहे आणि पावसाळ्यात आमच्या भिंतींनाही घाम फुटतो. घ्यावी का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात प्रश्न एक दिसत असला तरी माझ्या हिशेबी ते दोन आहेत, आणि दुकानात ते एकाच गिटारीत एकत्र आल्यामुळे तुम्हाला, यजमानांना आणि भाच्यालाही ते वेगळे करता आलेले नाहीत. पहिला प्रश्न मापाचा : २४ इंची तारेची गिटार तुमच्या हाताला योग्य आहे का. दुसरा प्रश्न धर्तीचा : साठ वर्षांपूर्वीच्या रचनेचा ब्रिज (तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात तो भाग), हलता दांडा आणि सरकत्या कळा हा सगळा संसार वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत टिकेल का. पहिल्याला माझे उत्तर बहुधा 'हो' असे आहे, आणि त्यातला 'बहुधा' काढून टाकण्याचे साधन तुमच्या घरातच आहे. दुसऱ्याला मात्र मी इतक्या सहज मान डोलावणार नाही.

दुकानदारांनी 'मान आखूड' म्हटले ते अर्धे बरोबर आहे. गिटारीचे माप म्हणून जे सांगतात ते वाजणाऱ्या तारेच्या लांबीचे असते, म्हणजे खुंट्यांजवळच्या नटपासून (तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून) ब्रिजवर तार जिथे टेकते तिथपर्यंतचे. बारावा फ्रेट या लांबीच्या मध्यावर येतो, म्हणून नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजून दुप्पट केले की माप हाती येते. तुमच्या ॲकूस्टिकवर हे अंतर ३२५ मिलिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे पूर्ण माप ६५० मिलिमीटर, जवळजवळ साडेपंचवीस इंच. चोवीस इंच म्हणजे ६१० मिलिमीटर. हा चार सेंटिमीटरचा फरक सगळ्या फ्रेटांवर वाटला जातो आणि तुमच्या करंगळीपर्यंत पोचेतो त्याचे असे होते की, पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर साडेसत्त्याण्णव मिलिमीटरवरून साडेएक्क्याण्णववर येते. सहा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण जी करंगळी मुळातच शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी अडून बसते, तिच्यासाठी नेमके तेवढेच हवे असते.

आता मनगटाकडे येऊ, कारण इथे तुमची फसगत होण्याचा संभव आहे. दुकानात पाच मिनिटांत जे सुख वाटले, त्याचे सारे श्रेय तुम्ही आखूड मापाला देत आहात. थोडा हिशेब मांडून पाहू. ॲकूस्टिकवर पहिली तार बहुतेक वेळा १२ नंबरची, म्हणजे इंचाच्या हजारांश बारा भाग जाडीची असते आणि सुरात आणल्यावर ती सुमारे साडेदहा किलोच्या ताणाखाली असते. इलेक्ट्रिकवर १० नंबरची तार लावली तर नेहमीच्या साडेपंचवीस इंची मापावर तोच सूर सव्वासात-साडेसात किलोत मिळतो, आणि तीच तार २४ इंची मापावर चढवली तर साडेसहा किलोत. म्हणजे कमी झालेल्या चार किलोंपैकी तीन-सव्वातीन किलो तार बारीक झाल्यामुळे गेले; आखूड मापाच्या वाट्याला उरलेला किलोभरसुद्धा येत नाही. टक्केवारीत सांगायचे तर ताण मापाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तीच तार आणि तोच सूर धरल्यास २४ इंचांवर ताण अकरा टक्क्यांनी उतरतो. अकरा टक्के बोटांना जाणवतात, पण भरून येणारे मनगट त्यासाठी अडलेले नाही. ते दुखणे कोणत्याही बऱ्या इलेक्ट्रिक गिटारीने कमी होईल. करंगळीचा ताण मात्र आखूड मापानेच कमी होईल. तुमच्या दोन तक्रारींवर औषधे दोन आहेत, आणि ती निळी गिटार दोन्ही एकदम देत असल्यामुळे कोणते कशावर लागू पडले ते कळेनासे झाले आहे.

म्हणून पैसे काढण्याआधी घरच्या गिटारीवर एक प्रयोग करा. तिच्या सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. सूर पुन्हा मूळ जागी येतील, आणि तारेची वाजणारी लांबी होईल ६१३ मिलिमीटर, म्हणजे चोवीस इंचांहून किंचित जास्त. दुकानातल्या गिटारीचे माप असे आयतेच तुमच्या ओटीवर येते. एवढे लक्षात ठेवा की मानेवरचे ठिपके आता एक घर मागे सरकलेले वाटतील. पूर्वीचा पाचवा फ्रेट हा आता चौथा. पंधरा दिवस रोज वीस मिनिटे असेच वाजवा. तुम्हाला अडणारे जे दोन-चार कॉर्ड आहेत ते आलटूनपालटून घ्या आणि करंगळी कुठे पोचते ते पाहा, पाहिजे तर कॅलेंडरवर त्या तारखेखाली नोंद करा. पंधरा दिवसांनी कॅपो काढून, तारा पुन्हा चढवून तेच कॉर्ड घेतले की हात स्वतःच निकाल सांगेल.

या प्रयोगात एक खोच आहे आणि ती आधी दूर केली नाही तर निकाल खोटा निघेल. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या ॲकूस्टिक गिटारींचा नट बरेचदा उंच ठेवलेला असतो. कारखान्यात खाचा पूर्ण खोल कापायला वेळ लागतो आणि उंच नटाची गिटार निदान खरखरत तरी नाही, म्हणून ती तशीच विकली जाते. असा नट असेल तर पहिल्या फ्रेटवरचा एफ भल्याभल्यांना छळतो. कॅपो लावला की नटाचा संबंधच संपतो आणि एफ अचानक सोपा वाटतो. मग तुम्ही समजाल की आखूड मापाने काम केले. हे टाळण्यासाठी प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि ती पहिल्या फ्रेटच्या वर किती अधांतरी राहते ते पाहा. वहीचा साधा कागद सरकेल इतकी फट पुरे. लग्नपत्रिकेचा जाड कागद सुखाने आत जात असेल तर नट उंच आहे. तो जाणकाराकडून घासून घ्या. काम तासाभराचे आहे आणि खर्च नव्या गिटारीपुढे काहीच नाही. स्वतः कानस चालवू नका. खाच एकदा जास्त खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि नट बदलावाच लागतो. सहा वर्षे तुम्ही ज्या एफशी झगडत आहात तो कदाचित एवढ्यावरच सुटेल. तसे झाले तर पुढचे पत्र मला 'गिटार घ्यायचीच नाही' असे आले तरी आनंद आहे.

भाच्याचे म्हणणे निराधार नाही. फेंडर कंपनीने १९५६ साली म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सोनिक या दोन गिटारी साडेबावीस इंची मापात काढल्या त्या शिकणाऱ्यांसाठीच, आणि १९६४ साली आलेली मस्टँग, जिच्या धर्तीवर तुमची निळी गिटार बेतलेली दिसते, तीही त्याच वर्गातली. पण त्याच कंपनीने १९६२ मध्ये जॅग्वार नावाची गिटार २४ इंची मापातच काढली आणि ती त्यांच्या यादीतली सर्वांत वरच्या दर्जाची होती. त्याही आधी, १९५५ मध्ये, गिब्सनने बर्डलँड ही साडेतेवीस इंची गिटार बिली बर्ड आणि हँक गार्लंड या दोन पट्टीच्या व्यावसायिक वादकांच्या सांगण्यावरून बनवली. नव्वदच्या दशकात निर्वाणा या रॉक बँडच्या कर्ट कोबेनच्या गळ्यात मस्टँग आणि जॅग्वार दोन्ही दिसत, आणि भाच्याला हे नाव सांगितले तर तो वाद पुढे वाढवणार नाही असा माझा अंदाज आहे. शिवाय गिब्सनच्या बहुतेक गिटारी पावणेपंचवीस इंची असतात. त्यांना कोणी शिकाऊ म्हणत नाही. 'फुल साइज' हे एका कंपनीच्या साडेपंचवीस इंचांना मिळालेले लाडके नाव आहे, एवढेच. यजमानांना मी काय सांगणार? सावंतवाडी इतकी जवळ असताना 'खेळणे' हा शब्द त्यांनी हिणवण्यासाठी वापरावा याचे मात्र नवल वाटले. चितारआळीतल्या कारागिरांपुढे तो जपून वापरावा.

आखूड मापाचे तोटेही आहेत, आणि मला त्यातले दोनच तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटतात. ताण कमी असल्याने खर्जाच्या तारा सैल पडतात, जोरात छेडल्या की क्षणभर सूर वर जाऊन मग स्थिरावतो. म्हणून या मापावर ९ नंबरचा संच लावू नये. १० चा लावावा, आणि हाताला झेपला तर ११ चा. दुसरे असे की, ॲकूस्टिकवरून येणाऱ्याला दाबून धरण्याची सवय असते. मऊ तारेवर तेवढाच जोर दिला की प्रत्येक सूर थोडा चढा लागतो आणि माणूस खुंट्या पिळत बसतो. दोष खुंट्यांचा नसतो. पहिले दोन महिने बोट फ्रेटच्या अगदी जवळ ठेवून, सूर जेमतेम वाजेल इतकेच दाबायची सवय करा. आवाजाबद्दल म्हणाल तर तो थोडा गोलसर, कमी टणत्कारी येतो. तुम्हाला तो दुकानात आवडलेला आहे, तेव्हा तिथे मी लुडबुड करत नाही.

आता धर्तीकडे. 'व्हिंटेज' आणि 'व्हिंटेज स्टाइल' यांत जुने सागवानी कपाट आणि जुन्या नक्षीचे नवे कपाट यांइतका फरक आहे. तुम्ही पाहिलेली गिटार नवीच आहे, पण तिने जुन्या रचनेचे गुण आणि खोडी दोन्ही उचललेले आहेत. एक खोड मानेच्या गोलाईची. साठच्या दशकातल्या फेंडरच्या मानेवरची पट्टी बरीच बाकदार, सव्वासात इंच त्रिज्येची असे. साधे कॉर्ड धरायला, विशेषतः बार कॉर्डसाठी आडवे बोट टेकवायला ही गोलाई लहान हाताला फार सोयीची. पण बाराव्या फ्रेटच्या पुढे पातळ तार खेचून मींड घ्यायला जावे तर तार त्या उंचवट्यावरून जाताना पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच गुदमरतो. तार थोडी उंच ठेवून हे बरेचसे टळते. तुम्ही मुख्यतः कॉर्ड धरून गाण्याला साथ करत असाल तर हा तोटा तुमच्या वाट्याला फारसा येणारच नाही. तुम्ही काय वाजवता ते पत्रात लिहिलेले नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगितल्या.

दुसरी खोड ब्रिजची, आणि समुद्राकाठच्या घरात ती मला सर्वांत जास्त खुपते. या धर्तीच्या गिटारीत तारा दोन स्प्रिंगांवर तोललेल्या नळीत अडकवलेल्या असतात आणि त्यापुढे ब्रिज दोन खांबांवर किंचित डुलता ठेवलेला असतो. दांडा हलवला की हे सारे मिळून पुढेमागे होते आणि तो सुंदर, पाण्यावर पडलेल्या उन्हासारखा कंप मिळतो. हा सारा थाट त्या काळच्या जाड तारांसाठी बेतलेला आहे. बारीक तारा लावल्या तर त्या ब्रिजवर पुरेशा जोराने टेकत नाहीत आणि जोरात वाजवताना खाचेतून उडी मारतात. ही सर्वज्ञात तक्रार आहे, आणि १० किंवा ११ नंबरच्या तारा लावा असे म्हणण्यामागे हेही एक कारण होते.

या यंत्रणेत लहान स्क्रू, स्प्रिंग आणि खांब भरपूर, आणि त्यातले बरेचसे पोलादाचे. माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मी माझी अशाच धर्तीची गिटार रेक्झिनच्या पेटीत घालून गुहागरच्या घरी खाटेखाली ठेवली आणि कामानिमित्त बाहेर गेलो. गणपतीत परत येऊन पेटी उघडली तेव्हा आतल्या मखमलीवर पांढरी बुरशी धरली होती आणि तारा तपकिरी पडल्या होत्या. तारांचे काही वाटले नाही, त्या बदलता येतात. पण ब्रिजची उंची वाढवायला ॲलन की लावली तर ती स्क्रूच्या डोक्यात नुसतीच गरगर फिरली. स्क्रू गंजून बसला होता आणि माझ्या घाईने त्याचे षट्कोनी तोंड गोल होऊन गेले. शेवटी ब्रिजच बदलावा लागला, आणि तो बाहेरून मागवेपर्यंत दसरा उलटला. चूक सर्वस्वी माझी होती. बंद पेटी ही सुरक्षित जागा असे मी समजत होतो. दमट हवेत बंद पेटी म्हणजे ओलावा आत कोंडून ठेवणारा डबा.

तुमच्याकडे तर समुद्र दोनशे पावलांवर आहे आणि पावसाळ्यात कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणून ही गिटार घेतलीच तर तिच्या ब्रिजच्या प्रत्येक स्क्रूला जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब, तोही काडीच्या टोकाने, द्यावा लागेल. तेल लाकडावर जाऊ देऊ नका. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा, कारण घाम आणि खारा वारा एकत्र आले की साध्या तारा काही आठवड्यांत खरखरीत होतात. वरून लेप दिलेल्या तारा महाग असल्या तरी तुमच्या घरात त्या परवडतात. आपल्याकडचे भजनी बुवा पावसाळ्यात बाजाची पेटी कपड्यात गुंडाळून उबेला, चुलीच्या मागच्या भिंतीकडे ठेवत, ती रीत अगदी शहाणपणाची होती. फक्त गिटारीला चुलीइतकी ऊब नको. कपाटाच्या एका कप्प्यात कमी शक्तीचा दिवा खालच्या बाजूला जळता ठेवून वरच्या बाजूला गिटार उभी ठेवली, किंवा रोज वापरात असलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, स्टँडवर मोकळी ठेवली तरी पुरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या तर त्या अधूनमधून उन्हात किंवा मंद तव्यावर वाळवाव्या लागतात. भरलेली पुडी काही शोषत नाही. सगळ्यात उत्तम उपाय रोज वाजवण्याचा. रोज हात लागणाऱ्या वाद्याला बुरशी धरताना मी पाहिलेली नाही.

सरकत्या कळांबद्दल थोडक्यात. प्रत्येक पिकअपला अशी एक कळ असते आणि तिच्या तीन जागा असतात. मधली जागा म्हणजे बंद. हे ठाऊक नसल्यामुळे दुकानात 'गिटार बिघडलेली आहे' म्हणून परत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. दोन टोकांच्या जागांवर पिकअप चालू असतो, पण उलटसुलट फेजमध्ये (एका जागी लहर सुलट, दुसऱ्या जागी उलट), आणि दोन्ही पिकअप परस्परविरुद्ध ठेवले की आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा होतो. दमट हवेत या कळांच्या आतल्या पट्ट्या काळवंडतात आणि आवाज तुटक येऊ लागतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक कळ दहा-वीस वेळा पुढेमागे सरकवली तरी त्या बऱ्याच साफ राहतात.

विजेचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो मी सोडणार नाही. या गिटारीचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे असतात आणि ते आवाजाबरोबर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुणही पकडतात. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे स्वाभाविक आहे, कारण तारा ब्रिजमार्गे अँपच्या अर्थशी जोडलेल्या असतात. पण याचाच अर्थ असा की, अँपमध्ये दोष असेल आणि घराचे अर्थिंग निकामी असेल तर तो झटका तारांवाटे तुमच्या हातात येऊ शकतो. तारांना स्पर्श करताना मुंग्या आल्यासारखे वाटले तर तिथेच थांबा, प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. आपल्याकडे जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नीट भरलेला नसेल, त्यात एप्रिल-मे महिन्यांत पाणी सोडलेले नसेल, तर अर्थिंग नावापुरतेच उरते. अँप घेण्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्या, मेन स्विचजवळ गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी नसेल तर तो बसवून घ्या, आणि अँपच्या तीन पिनांपैकी जाड पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात घालण्याची जी खोड आपल्याकडे आहे, ती कोणी सुचवली तरी होऊ देऊ नका.

पैशांचे गणित सोपे आहे. ४० हजारांतला दहावा हिस्सा सेटअप (जाणकाराकडून करून घ्यायची जुळवणी), लेपाच्या तारांचे दोन संच आणि बरी केबल यांसाठी आधीच बाजूला काढा. अँप दहा ते वीस वॅटचा, हेडफोनची सोय असलेला घ्या. वेंगुर्ल्याच्या घरात त्याहून मोठा अँप शेजाऱ्यांसाठीच वाजेल. उरेल ते गिटारीला.

तर मी काय करीन? नट तपासून, पंधरा दिवस कॅपोचा प्रयोग करून, करंगळी खरोखरच पोचते आहे असे दिसले तर २४ इंची माप नक्की घेईन. धर्तीच्या बाबतीत मात्र म्हापशाच्या त्याच दुकानात, त्याच मापाची पण न हलणाऱ्या, थेट लाकडावर स्क्रूने बसवलेल्या ब्रिजची गिटार आहे का, असे आधी विचारीन. अशा गिटारी मिळतात. त्यांत गंजायला स्क्रू कमी आणि सूर बिघडायला जागा कमी. ती तितकीशी देखणी नसेल. निळी गिटार बघून जे झाले ते तिच्याकडे बघून झाले नाही, तर मग निळीच घ्या, कारण न आवडलेली शहाणी गिटार कोपऱ्यात पडून राहते हेही मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. फक्त वर सांगितलेली तेलाची काडी आणि फडके यांची जबाबदारी पत्करून घ्या. त्या दांड्याचा मोह नसेल तर तो काढून खणात ठेवा.

दुकानात गेलात की घाई करू नका. आधी त्यांना १० नंबरच्या तारा चढवून, सुरात आणून द्यायला सांगा. खुर्चीवर बसून, घरी बसता तसेच बसून, वाजवा. पातळ तार चौदाव्या फ्रेटवर एक स्वर खेचून पाहा. दांडा पाच वेळा हलवून मग सूर तपासा. जरासा उतरला तर सेटअपमध्ये सुधारेल, बराच उतरला तर ती गिटार सोडा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर सारखे लागतात का, ते सहाही तारांवर ऐका. त्याच दुकानात पावणेपंचवीस किंवा साडेपंचवीस इंची एखादी इलेक्ट्रिकही त्याच नंबरच्या तारांवर दहा मिनिटे वाजवा, म्हणजे मनगटाचे सुख आणि करंगळीचे सुख वेगवेगळे कळेल. भाच्याला त्या वेळी फोन लावू नका.

आणि पर्समध्ये शाळेतली एक फुटाची पट्टी ठेवा. तिचे शून्य नटाच्या कडेला लावलेत तर बारा इंचांची रेघ बरोबर बाराव्या फ्रेटवर यायला हवी. ती अकराव्या आणि बाराव्या फ्रेटच्या मध्ये आली, तर चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो, ती गिटार चोवीस इंची नाही.